बादली उचलणारी सरदारीण

ती. सुंदराआत्याला, आणि हे पत्र ऐकायला तिच्या ओट्यावर जमलेल्या माझ्या समस्त बायांना, चित्रगडाहून रागिणीचा नमस्कार. बायांनो, आपलं दुखणं एकच आहे. संत्र्याची बाग आपण राखायची आणि मानाच्या जागेची वेळ आली की 'तुमी जरा मांगं बसा' हे ऐकायचं. आत्या, गुडघा कसा आहे? (तेल चोळत जा, पुढे त्याचं काम आहे.)

मी सरदारीण कशी झाले, हे शेंदूरजनाघाटात जो तो वेगळं सांगत असेल, म्हणून खरं ऐका. चित्रगडचा पंखवाला हत्ती आपल्या बागेत उतरून संत्री ओरबाडू लागला, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "मांगं सरक. लाईनीत ये." तो आला. सातपुड्यावर ढगांत असलेल्या या राज्यात हत्ती ज्याचं ऐकेल तो सरदार, असा कायदा आहे. (आजवर हत्तीपुढे फक्त सरदारांचीच मुलं उभी केली, म्हणून सरदार त्यांच्याच घरी निपजले. यावर मी दरबारात भाषण केलं. दोघे झोपले, बाकीचे घाबरले.) निघताना बाबा इतकंच बोलला, "राजवाड्यात गेलेली पोरगी आपली राहत नाई," आणि पाठ फिरवून संत्र्याच्या पेट्या लावत बसला.

तर माझ्या मानाची मेजवानी होती. मी हट्टाने रोडगे आणि वांग्याची भाजी करवली होती. पंगत बसली, आणि घरचं म्हणून वाढायला कोणी उठेना! हे आपल्याला बघवतं का? मी पदर खोचला, भाजीची बादली उचलली आणि पंगतीत शिरले. सगळ्यांचे घास हातात राहिले. इथे वाढतो तो नोकर. राजाच्या कारभाऱ्याने तिथल्या तिथे माझी सरदारकी गेली म्हणून सांगितलं. मी बादली खाली न ठेवता दरबाराला सांगितलं, की आमच्याकडे घरधनी स्वतः वाढतो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतो. मग पाहुण्याआधी जेवणारा मोठा कसा? राजाने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "भाजी अजून थोडी."

कारभारी मात्र चिवट. त्याने दोन वाटा ठेवल्या. एकतर मला घरदार नाही, रीत शिकवायला कोणी नव्हतं, असं म्हणून माफी मागायची. नाहीतर पौर्णिमेच्या पंगतीत माझ्या घरच्या धन्याने, म्हणजे बाबाने, स्वतः वाढून दाखवायचं. मला घरदार नाही, हे या तोंडातून निघणार नाही. सरदारकी गेली तरी नाही.

तुझी भाची,
सरदारीण रागिणी गोवर्धन (बाबाचं नाव गाळा म्हणाले होते, मी गाळलं नाही)

ता. क. बाबा रुसलेला आहे, मी बोलावल्याने यायचा नाही. त्याला फक्त सांग, की पंगत मोठी आहे आणि वाढणारे कमी पडून राहिले. हे ऐकून बाबा घरी बसल्याचं तुला आठवतं का?

ता. क. दुसरा. भाषणात सांगितलं नाही, पण इथे मला 'अजून एक रोडगा घे' म्हणणारं कोणी नाही. पौर्णिमेच्या सकाळी हत्ती बांधावर लाईनीत उभा असेल. बाबाच्या हाती बादली द्या आणि त्याला हत्तीवर चढवा. तो मध्येच उतरू नये म्हणून, आत्या, तूही बस. पुढे बस.