माहीत असताना केलेली वाटणी

मी, रूपा संघपाल वाहूळ, वय चोपन्न, धंदा शिलाईकाम, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. शरीर ठीक नाही. छातीतला कॅन्सर आता हाडांत आणि लिव्हरमध्ये गेला आहे. डोकं ठीक आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आमच्या घरात दबाव टाकायचं काम आजवर मीच केलं आहे.

१. चिकलठाण्याचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे माझे पती संघपाल यांनी त्यात हयातभर राहावं. त्यानंतर ते मुलगा बुद्धभूषण आणि मुलगी मोनाली यांचं, निम्मं निम्मं. बँकेतली शिल्लक माझ्यामागे लगेच दोघांत तशी वाटावी. मुलीला एवढं कशाला, असं कोणी विचारलं तर त्याला हे कलम पुन्हा वाचून दाखवावं.

२. शिलाई मशीन मोनालीला. तिला शिवता येत नाही. विकायचं असेल तर विकावं, पण गिऱ्हाइकाला चालवून दाखवण्यापुरतं तरी शिकून घ्यावं.

३. माझे दीर कचरू यांनी चूर्णाच्या बरण्या आणल्या आणि दुखण्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. त्या बरण्या त्यांना परत द्याव्यात. एकीचंही झाकण उघडलेलं नाही.

४. हे लिहायला उशीर का झाला, तेही नोंदवते. आजार हाडांत गेल्याचं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. घरच्यांनी मला नुसती कमजोरी असल्याचं सांगितलं. केमोच्या सिस्टरच्या बोलण्यावरून मला त्याआधीच कळलं होतं. कळल्याचं मीही सांगितलं नाही. कित्येक महिने आम्ही चौघं असे एका घरात राहिलो. टीव्ही मोठ्यानं लावलेला असायचा.

त्याच सिस्टरनं मला शनिवारच्या आधारगटात पाठवलं. तिथं आजार पसरलेली माणसं गोल बसतात. मला वाटलं, रडारड असेल. पाहते तर तोंड आल्यावर ताक प्यावं की नाही, यावर वाद चालला होता. शेजारी देवगाव रंगारीच्या दगडाबाई निकम होत्या. घरची शेती, आजार माझ्यासारखाच. त्यांनी आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांना उमासे आले, मी पाठ चोळली. आडनावाचा विषय तिथंच राहिला.

त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "मी यातून बरी होणार नाही." असं बोलू नये, असं कोणी म्हटलं नाही. गट चालवणारे राजेंद्र घुगे यांनी एवढंच विचारलं, की घरी हे कोणाशी बोललात का. मी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई एसटीनं आमच्या घरी आल्या. मला एकटीला सांगणं जमणार नाही, हे त्यांना कळलं होतं. मी टीव्ही बंद केला आणि मला सगळं माहीत असल्याचं सांगितलं. बुद्धभूषण बाहेर निघून गेला. मोनाली माझ्याजवळ येऊन बसली. संघपाल दगडाबाईंवर चिडले, की बाहेरच्या बाईचं इथं काय काम. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि येताना चहा घेऊन आले. साखर विसरले होते. सगळ्यांनी प्यायला. संध्याकाळी बुद्धभूषण परतला आणि म्हणाला, "आई, तुला कधीपासून माहीत होतं?"

मी म्हणाले, "तुझ्याआधीपासून."

५. शेवटी मला यंत्रांवर ठेवू नये. मी घरीच राहीन. दुखणं थांबवणारं औषध कमी करू नये. सवय लागेल असं कोणी म्हटलं, तर लागू द्यावी. विधी बौद्ध पद्धतीनं, थोडक्यात. भाषणं नकोत, कचरू भाऊजींचं तर मुळीच नको.

६. संघपाल यांनी माझ्यानंतरही शनिवारी गटात जावं. हे कलम त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले की मला काय झालंय, मी कशाला जाऊ. दगडाबाई तिथंच होत्या.

"भाऊ, तुमची बायको चाललीय," त्या म्हणाल्या. "आनखी काय व्हायला पायजे?"

एरवी संघपाल मला गटात सोडून बाहेर थांबतात. गेल्या शनिवारी आत येऊन माझ्यामागं बसले.

७. दगडाबाईंना मी माझी जरीची साडी देणार होते. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणाले. साडी की सही, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "साडी मी तरी किती दिस नेसणार? सही ऱ्हाईल."

वरचं सगळं मी स्वतः सांगून लिहून घेतलं, पुन्हा वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : रूपा संघपाल वाहूळ

साक्षीदार :
१. राजेंद्र पुंडलिक घुगे
२. दगडाबाई बद्रीनाथ निकम

स्थळ : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १८ जानेवारी २०२५, शनिवार