डंबेल्स विरुद्ध जेटी

१७ नोव्हेंबर २०२४
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: पोटावरची चरबी घटवण्यासाठी वजने उचलण्याचा व्यायाम चालण्यापेक्षा श्रेष्ठ आहे. प्रयोगासाठी धाकटा भाऊ सखाराम आयताच लाभला. आईबाप तेच, चूल तीच, आणि उभयतांची पोटे डॉक्टरीणबाईंच्या मते सारखीच आक्षेपार्ह. तेव्हा फरक पडला तर तो व्यायामाचाच. मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. सखारामने तांडेल म्हणून ट्रॉलर चालवला. मी वजने घेणार, तो मांडवीच्या जेटीपर्यंत चालणार; आहार दोघांचा समान, ही अट. जाळ्याच्या दोऱ्याने त्याने दोघांच्या कमरा मोजल्या, खुणेच्या गाठी मारल्या आणि दोन्ही दोरे खिळ्याला टांगले. म्हणाला, दादा, तू उचल काय ते, मी आपला वारा खाऊन येतो. जेवायला भेटूच.

१८ नोव्हेंबर, पहाटे ५.३०
डंबेल्स आलेले नाहीत. साधनाविना आरंभ करणे अशास्त्रीय. पुन्हा झोपलो.

२६ नोव्हेंबर
डंबेल्स आले. उजव्या हाताने आठ वेळा, डाव्याने तीन. स्नायूंना विश्रांती हवी याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नाहीत. उद्या विश्रांती. परवाही.

८ डिसेंबर
भाट्याच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. वीस-पंचवीस माणसांनी समुद्रातले जाळे दोरांनी किनाऱ्यावर ओढून आणणे, याहून शुद्ध वजनी व्यायाम कोणता? मीही दोर धरला. पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, मास्तर, दोर ओढायचा, त्याला लोंबकळायचं नाही. दुर्लक्ष केले. दोर धरणाऱ्याला वाटा मिळतो, त्या न्यायाने बांगडे घेऊन आलो. सखारामच्या बायकोने, आवडाने, ते तळले. सखारामने आपले दोन्ही माझ्या ताटात सारले. तू खा रे, म्हणाला, तुझ्या अंगाला लागतील. प्रथिने आवश्यकच आहेत.

२२ डिसेंबर
पहिली मोजणी. सखारामची कंबर गाठीच्या चार बोटे आत. माझी एक बोट बाहेर. ही वाढ स्नायूंची असणार. आवडाने विचारले, भाऊजी, स्नायू असे पुढे लोंबतात होय? सखाराम हसता हसता ठसकला. बराच वेळ पाणी पीत होता.

५ जानेवारी २०२५
जेटीवरचे मॉर्निंग वॉकवाले आता सखारामचा सल्ला घेतात. एकाने मला थांबवून विचारले, तुम्ही पण त्यांच्याबरोबर का येत नाही? क्लेशकारक. पुराव्याची फेरतपासणी करणे भाग आहे. त्याच्या ताटावर लक्ष ठेवतो.

९ जानेवारी
छडा लागला! भाकरी सारात कुस्करतो, दोन घास घेतो, मग नुसती पेज. मासे सगळे माझ्याकडे. म्हणजे चालणे हे कारणच नव्हे. तो जेवत नाही. हेत्वाभास उघडा पडला. दुपारी पानावरच सुनावले: आहार समान ठेवण्याची अट तू मोडलीस, तुझे उतरणे ग्राह्य नाही. आवडा काही बोलू लागली, त्याने तिला खुणेने थांबवले. मला म्हणाला, बरं दादा, अट ती अट. माझ्यासमोर अख्खी भाकरी खाल्ली, घासागणिक डोळे मिटून. नंतर बराच वेळ मोरीत होता. आवडा दाराबाहेर उभी होती.
मी वामकुक्षी केली. पुष्कळ दिवसांनी गाढ लागली.

१४ जानेवारी
सखाराम आज चालायला गेला नाही. दम लागतो म्हणाला. गैरहजेरी मांडली. तिळाचा लाडू त्याने हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि खिशात टाकला. अटीचा भंग, पण सण असल्यामुळे बोललो नाही.

२ फेब्रुवारी, मुंबई
अन्ननलिकेचा कॅन्सर. बराच पुढे गेलेला. घास ऑक्टोबरपासून अडकत होता. आवडाला त्याने अ‍ॅसिडिटी सांगितली होती आणि मला काहीच नाही. डॉक्टरांनी विचारले, एवढं वजन उतरलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? आवडा म्हणाली, आलं होतं की. भाऊजी दोऱ्याने मोजत होते. ती टोचून बोलली नाही. माहिती म्हणून बोलली.
सखारामला आता नळीने अन्न देतात. मला खाटेजवळ बोलावले. आवाज उरलेला नाही. कुजबुजत म्हणाला, दादा, तुझंच खरं रे. चालून नाय उतरलो.

१६ फेब्रुवारी, रत्नागिरी
आवडाने त्याचे कपडे आणायला पाठवले आहे. पँटी नकोत, म्हणाली, एकही बसत नाही, लुंग्या आणा. कपाटाचे दार लागेना म्हणून डंबेल त्याला टेकवून ठेवले.
सकाळी जेटीपर्यंत चाललो. वाटेत दोनदा बसलो. वॉकवाल्यांपैकी एकाने हाक मारली: सखारामशेठ दिसत नाहीत ते? आणखी किती उतरवलं? बरंच, म्हणालो.
प्रतिज्ञा असिद्ध. युक्तिवाद तपासून पाहिला. चूक एकच आहे, ती येथे नोंदवतो. सखाराम जेवत नाही, हे मी नेमके ओळखले होते. वाद जिंकण्यास तेवढे पुरेसे होते, म्हणून तो का जेवत नाही, हे मी विचारले नाही.

गंगाराम विठ्ठल नाटेकर