माझी डावी गाठ

५ फेब्रुवारी
आज नव्या कामावर रुजू झालो. तळ्यात माशांचे पिंजरे आहेत, त्यांची जाळी दुरुस्त करायची. काठावरच दोन खोल्या दिल्यात. जावई जहाजावर, म्हणून पोटुशी लेक माझ्यासोबत. तिला रोज ताजा मासा मिळणार!
कुणी शिकवलं नाही, पण माझ्यासारखी गाठ कुणाची नाही. दोन वेढे, दुसरा डावीकडून. ओढाल तेवढी आवळते. निळ्या नायलॉनची उरलेली टोकं कापून तिथेच पाण्यात सोडतो. कात्री वाजली की मासे तोंडं उघडून वर येतात. मुकादम म्हणाले, मास्तर, दाण्यालाही इतके येत नाहीत हो. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

२१ मार्च
नात झाली. नाक थेट तिच्या आजीचं. आज ही असायला हवी होती. मी पोरीला ठमाबाई म्हणतो. लेक म्हणते, नाव बिघडवू नका बाबा.

१७ एप्रिल
माशाच्या पोटात निळे तंतू निघाले. माझेच. आतडी काढून मासा तीनदा धुतला. पोट साफ केलं की मासा साफ, असं लेकीला ठासून सांगितलं. ती पोटभर जेवली.

९ मे
आज मांसातच निघाली. काट्याला चिकटलेली निळी गाठ. चष्मा पुसून पाहिलं. दोन वेढे, दुसरा डावीकडून. पण मी पाण्यात टोकं टाकतो, गाठी कधीच नाही. मुकादम हसले, आता मासेही तुमच्या हाताखाली तयार झाले म्हणाले.
मला हसू आलं नाही.

१२ मे
मासा बंद केला. लेक चिडली, इतके दिवस आग्रह करकरून वाढलात, आता काय झालं? मी तिच्या ताटात पिठलं वाढलं. दूध पिताना ठमाबाई खोकते. डॉक्टरीणबाई म्हणतात, सर्दी आहे.

३० मे
घरी जाळं विणत होतो. कात्री वाजली. पाळण्यात पोरीनं मान वळवली — तोंड उघडलं —
पुन्हा वाजवली. पुन्हा —
कात्री तळ्यात फेकली.

२ जून
ठमाबाईच्या जिभेखाली निळं टोक. नखाएवढं. मीच कापतो तेवढं.
लेक दारातून विचारतेय, बाबा, काय शोधताय तिच्या तोंडात? रडू नका ना, म्हणतेय —
चिमटीत धरलंय. कापलं तर आत राहील. ओढलं तर — गाठ माझी आहे, ओढली की —