बायकांच्या वॉर्डाची तुळई

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? आधीच सांगते, घरी सगळे ठणठणीत आहेत, मनात वेडंवाकडं आणू नकोस. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. पण ते ड्यूटीवर असल्यापासूनच कुरकुरताहेत, आणि तेव्हाही त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

बातमी आपल्या सरकारी दवाखान्याची आहे. बायकांचा जुना दगडी वॉर्ड पुढच्या महिन्यात पुन्हा उघडतोय. तेवीस वर्षं तिथली मोठी सिस्टर होते, म्हणून त्या दिवशी दवाखान्याचा इतिहास सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. महिनाभर रेकॉर्ड रूममध्ये बसून शिंकतेय. तुला ठाऊक होतं का, हा दवाखाना गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला? तापाची साथ होती, शेजारी शेजाऱ्याला दारात उभं करेना. तेव्हा एक डॉक्टर आणि दोन सुइणी यांनी तिथे सोळा खाटा टाकल्या. साथ ओसरली, पण लोक यायचे थांबेनात. मग लोकांनीच खाणीतून दगड वाहून आणला आणि आपला वॉर्ड उभा राहिला. खिडक्या इतक्या उंच का, ते मला आत्ता या वयात कळलं: वारा रोग्याच्या अंगावरून नको, डोक्यावरून जावा म्हणून. आणि ती उंच खिडक्यांची तावदानं पुसायला शिडी मिळत नाही म्हणून मी आयुष्यभर बोटं मोडली!

औषधांच्या वहीत बाबांचं अक्षर सापडलं. कंपाउंडरच्या सहीखाली तीच ती ओढलेली रेघ. बाळंतपणांच्या रजिस्टरात तू सापडलास. ‘खाट नऊ. मुलगा. वजन कमी, आवाज मोठा.’ शेवटचे दोन शब्द कुणी लिहिले देव जाणे. मला हसू आलं, कारण पुढे तुझा आवाज कधी चढलाच नाही. त्या दिवशीही नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत होते. चार कागद फाडले. अकरा वर्षांपूर्वी बांधकाम खात्याचा इंजिनिअर म्हणून तू आलास, दोन दिवस छतात डोकं घालून बसलास आणि पंधरा दिवसांत वॉर्ड रिकामा करा म्हणून लिहून दिलंस. माझ्या चाळीस बायका व्हरांड्यात आल्या. टाके ओले असलेल्या, अंगावर पिणारी मुलं घेतलेल्या. त्यात कुणीतरी उठवलं की वॉर्ड पाडून जागा विकणार आहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर सभेत, सगळ्या स्टाफसमोर मी तुला म्हणाले, “ज्या खाटेवर जन्मलास, तीच विकायला निघालास?” तू कागद गोळा केलेस, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि निघून गेलास. पुढे बदली मागून घेतलीस, तीही मला परक्याकडून कळली.

गेल्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या सुतारांनी मला हाक मारली, “सिस्टर, जरा वर या, काहीतरी दाखवायचंय.” परांचीवरून चढले कशीबशी. त्यांनी छताची फळी काढली आणि मधल्या तुळईत पेचकस टेकवला. ठोकला नाही रे, नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत गेला. भिंतीत शिरलेलं टोक वाळवीने खाऊन दोन बोटंच उरलं होतं. त्याच्या बरोब्बर खाली खाट सात ते बारा. सुतार म्हणाले, “हा वॉर्ड वेळेवर बंद कुणी केला हो? त्याचे पाय धरायला हवेत.” मी खाली उतरले आणि त्या सहाही खाटांवर कोण कोण होतं, ते एकेकीच्या तोंडासकट आठवत भिंतीला टेकून बसले.

मग तुझा अहवाल काढला. अकरा वर्षं मी त्याचं पहिलं पानच शिव्या घालायला पुरवलं होतं. मागे सहा पानं आहेत! भिंती उत्तम आहेत, पाडू नयेत. फक्त तुळया बदलाव्यात, असं तू लिहिलंयस. प्रत्येक खिडकीचं चित्र हाताने काढलं आहेस. आज काम चाललंय ते त्याच चित्रांवरून. तुळया बसल्या, चुना झाला, आणि आता तिथे कमी वजनाच्या बाळांचा विभाग येतोय. तू त्या सभेत एवढं एक वाक्य का नाही बोललास, हे मला विचारावंसं वाटतं. पण मी तरी तुला बोलू कुठे दिलं?

धाकट्या, माझं चुकलं. हे फोनवर म्हणता आलं असतं, पण मला ते कागदावर तुझ्या हातात द्यायचं होतं. आणि तेवढ्याने भागणार नाही. जे चारचौघांत बोलले, ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं. त्या दिवशीचा बराचसा स्टाफ समारंभाला येणार आहे. इतिहास सांगताना शेड, सुइणी, दगड झाल्यावर मी तुझ्यावर येणार आहे, आणि मी तुला काय म्हणाले होते तेही सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाहीये, नुसतं कळवतेय. तू आलास तर तुझ्याकडे बघून बोलेन. नाही आलास, तरी बोलेन.

इतकी वर्षं न लिहिताही तुझीच,
ताई