गिरणीला ताप

३ मे १९७८, देवळाली कॅम्प
गिरणीत टोके, म्हणजे पिठातले किडे, फार झालेत. सौ. म्हणते, यंत्र खोला, आतलं जुनं पीठ खरवडून काढा. तिला शास्त्र कळत नाही. शेतकी मासिकात स्पष्ट दिलंय : गिरणी बंद करून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवली की कीड अंड्यांसकट मरते. शाळा चौथीत सुटली, पण वाचन दांडगं आहे आपलं.

४ मे
कीड कुठून आली, याचा छडा लागला. शेजारच्या खुर्शीदाभाभींच्या गव्हातून. दुसरं कुठून येणार? रविवारी त्यांच्या ताहेराची मंगनी, त्याचं दळण. रांगेसमोर सांगितलं, भाभी, गहू इथंच चाळून दाखवा. बिचारीनं चाळले. खाली काडीकचरा पडला, किडा एकही नाही. लपले असणार. रांगेतली लताबाई टोमणा मारून गेली, अहो भाऊ, सोयरीक पोरीची आहे का गव्हाची?
जरा वाईट वाटलं. पण शास्त्रात भीड चालत नाही.

५ मे, सकाळ
घरातला तापाचा थर्मामीटर गिरणीत टांगला. तो चौऱ्याण्णवपासूनच सुरू होतो. म्हणजे पन्नास आधीच पार! तरी दोन शेगड्या पेटवतो. अर्धवट काम आपल्याला जमत नाही.

दुपार
दारं-खिडक्या बंद. दळलेले डबे बाहेर ओट्यावर काढले. ताज्या पिठाला घाम सुटू नये म्हणून झाकणं उघडीच. भाभींचा डबा सगळ्यांत गार कोपऱ्यात. मनात आकस नाही माझ्या.

संध्याकाळ
थर्मामीटर एकशे आठच्या पुढं जाऊन फुटला. याहून मोठं यश ते कोणतं? मेलेले किडे मात्र दिसेनात. राख झाली असावी. दारावर पाटी लावली : 'कीडमुक्त दळण'.

६ मे
भाभी डबा घेऊन परत आल्या. पिठात टोके फिरत होते, ठणठणीत. गिरणी तापली तसे फटींतून बाहेर पडून गार डब्यात शिरले. रांग बघत होती. वाटलं, बाई आता पाटी काढून डोक्यात घालते. पण हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझ्याच गव्हातले असतील. माफ करा."
आणि मी म्हणालो, असू द्या, होतं असं.
हे कशाला लिहिलं? सौ.नं आतून ऐकलं. घरातलं पीठ तिनं भाभींकडे पोचवलं. मला चहा नाही.
मासिक पुन्हा उघडलं. पन्नासपुढं बारीक 'सें.' आहे; आपल्या थर्मामीटरवर 'फॅ.' होतं. इतकं बारीक छापतात का कुणी?

७ मे
मंगनीला गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच. मुलाचे मामा इगतपुरीचे, रेल्वेतले. चपाती मोडता मोडता म्हणाले, वा, पीठ कुठल्या गिरणीचं? भाभींनी कौतुकानं माझ्याकडे बोट केलं. मी मान डोलावली. उद्या नक्की सांगणार.

८ मे
घसा बसलाय. उद्या.

९ मे
घसा बरा. भाभी दिसल्या. मी यंत्रामागं वाकून पट्टा तपासला. पट्ट्याला काही झालेलं नाही.

१० मे
रांगेसमोर सांगितलं. भाभी, किडे माझ्या गिरणीतले होते. दोष माझा.
भाभी म्हणाल्या, "मालूम होतं भाऊ. ओट्यावरून डब्याकडं चाललेले मी बघितले ना. पण तुमची गिऱ्हाइकं उभी होती."
लताबाई म्हणाली, आम्हीपण बघितले. त्या दिवसापासून आम्ही सगळ्या घरी जाऊन पीठ दोनदा चाळतोय. म्हटलं, भाऊंना कशाला लाजवा.
सौ.नं हातात पाना दिला. यंत्र खोललं. आत जुन्या पिठाचा हा जाड थर. त्यात टोके, सहकुटुंब.