वंदनाकडचा डबा

रविवार, संध्याकाळ

दुपारी वंदनाने आम्हा मैत्रिणींच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि लगेच डिलीट केला. मी तेवढ्यात पाहिला. चौघी तिच्या भावाच्या सांवेरच्या शेतात चादर पसरून बसलेल्या. मला कुणी विचारलंही नाही. मी ग्रुपवर विचारलं तर लिहिते, "अरे, पुराना फोटो आहे, गलती से गेला."

पुराना कसा? मधोमध माझा नवा स्टीलचा डबा होता. मंगळवारीच त्यात चकल्या भरून दिल्या तिला, तापाने तोंडाला चव नाही म्हणाली म्हणून. की तसाच दुसरा कुणाचा असेल? मीच उगाच शंका घेतेय? झाकणावर नाव होतं, पण वाचेपर्यंत फोटो गेला.

आत्ता तिचा मेसेज आला, "तुझा डबा उद्या आणून देते हं."

डब्याबद्दल मी तिला एक अक्षर लिहिलं नव्हतं.