ढोल्याचं मिटलेलं तोंड

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आत्ता या क्षणी साष्टांग घालता येण्यासारखी माझी परिस्थिती नाही, पण मनोमन घातलाय असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना? डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस, आणि विसरलीस तर दुप्पट घालू नकोस. मी बरा आहे. अक्षर वाईट आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. उभ्याने लिहितोय आणि कागद धरायची धड सोय नाही. खरं तर फोनवरच बोललो असतो, पण तू माझा फोन घेत नाहीस. परवा घेतलास, 'राँग नंबर' म्हणालीस, 'गारठा वाढलाय, स्वेटर घालून जा' म्हणालीस आणि ठेवून दिलास. आता राँग नंबरवाल्याने यावर काय बोलायचं? म्हणून हे पत्र. दारावरचा पहारेकरी घरी जाताना तुझ्या हातात देईल. तो भला माणूस आहे, त्याच्यावर राग काढू नकोस.

आधी चांगली बातमी सांगतो. सुटलो बाई एकदाचा! नोकरी वाचली, निदान साहेबांच्या कालच्या तोंडावरून तरी तसं दिसत होतं. ढोल्याचं तोंडही उघडलं. आता राहिलीस तू. तुझ्या मंडळाचा, म्हणजे 'ढोल्याचे सगेसोयरे' या मंडळाचा राग मी समजू शकतो, तो जाईलही. पण अध्यक्षीणबाई माझी सख्खी आत्या निघावी आणि तिने रविवारचं जेवण बंद करावं, हा अन्याय आहे. गेल्या रविवारी मी कॅन्टीनमध्ये जेवलो. तिथल्या आचाऱ्याने मला विचारलं, 'घरात कोणी वारलं का हो?' इतकं माझं तोंड उतरलं होतं.

झालं काय, ते तू मंडळाकडून ऐकलं आहेस, आता माझ्याकडून ऐक. आमच्या रिसॉर्टचा लोगो म्हणजे तो पाणघोडा, तुम्हा सगळ्यांचा ढोल्या. आ वासलेला, दोन दात पुढे, एक डोळा जरा मोठा. (तो मोठा डोळा मूळ चित्रकाराला शिंक आल्यामुळे झाला असं आमच्या पाट्यांच्या विभागात सांगतात. खरं-खोटं त्या शिंकेलाच ठाऊक.) तर एक सल्लागारबाई आल्या. त्यांनी पडद्यावर ढोल्या भिंतीएवढा करून दाखवला आणि म्हणाल्या, हे जनावर भुकेलं दिसतं, पाहुण्याला घरात बोलावणारं दिसत नाही. साहेबांनी मान हलवली. साहेबांची हलली म्हणून सगळ्यांची हलली. मग मला सांगितलं, तोंड मीट. मी मिटलं. दात काढले, डोळे सारखे केले, ओठांवर मंद हसू ठेवलं. चित्र वाईट नव्हतं गं, तूच बघ शांत डोक्याने! टॉवेलांवर उठून दिसतं, कपांवर उठून दिसतं. दारावरचा मोठा फायबरचा ढोल्याही लगेच बदलला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि पुढच्या महिन्यात तुला कायम करतो म्हणाले. मी हवेत होतो.

खाली आलो ते तुमच्या मंडळींच्या पहिल्याच दिवसाच्या प्रतिक्रियांनी. कोणी लिहिलं, ढोल्या कर्जवसुलीच्या खात्यात लागलेला दिसतोय. कोणी लिहिलं, हा जेवायला बसलाय पण पानात नावडती भाजी पडलीय. एका गृहस्थांनी पोटरीवर जुना ढोल्या गोंदवून घेतलेला आहे, त्यांनी विचारलं की रिसॉर्ट आता पोटरी बदलून देणार का. एका जोडप्याने म्हणे ढोल्याच्या तोंडात अंगठी ठेवून लग्न ठरवलं होतं. त्यांनी फार नम्रपणे चौकशी केली, की तोंडच राहिलं नाही तर आमचं काय धरायचं? (त्यांचं पत्र साहेबांनी कायदा विभागाकडे पाठवलं. तिथले वकील अजून विचार करताहेत.) आणि तुमचे ते दाताचे डॉक्टर! त्यांनी त्यांच्या दवाखान्याच्या छापील कागदावर निदान पाठवलं: रुग्णाचा जबडा बसला आहे, ताबडतोब उघडावा, उशीर झाल्यास आम्ही जबाबदार नाही. खाली सही, शिक्का, आणि पुढच्या तपासणीची वेळसुद्धा!

हे सगळं ठीक होतं. साहेब म्हणाले, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. गप्प बसतील हे त्यांचं अगदी खरं ठरलं, आणि तिथेच आमच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरे लोक बहिष्कार घालतात, घोषणा देतात. तुम्ही सगळे शनिवारी रांगेत उभे राहून, शहाण्यासारखे पट्टे लावून आमच्या सर्वांत मोठ्या रोलरकोस्टरमध्ये बसलात आणि तोंडं मिटलीत. मी खाली पाटी बदलत होतो. गाडी वर चढली, तिथून कोसळली, उलटी झाली, आणि आवाज नाही! एक किंकाळी नाही, एक 'आई गं' नाही. सगळ्यांच्या ओठांवर तेच मंद हसू, मी काढलेलं. पुढच्या बाकावर तू, मांडीवर पर्स, जशी काही बँकेत नंबर यायची वाट बघतेस. गाडी चालवणारा माणूस घाबरून पांढराफटक पडला. त्याला वाटलं, सगळे एकदम बेशुद्ध पडले. त्याने गाडी थांबवली, तर तू उतरताना त्याला 'छान चालवलंत हो' म्हणालीस. तो दोन दिवस रजेवर गेला.

पुढे रोज तेच. मंडळी वार्षिक पासवाली, रोज येणार, पाण्याच्या घसरगुंडीवरून मिटल्या तोंडाने येणार, भुताच्या बंगल्यात भुतांना मान लववून नमस्कार करणार. रांगेतले नवे पाहुणे हे बघून म्हणायला लागले, यात काही दम दिसत नाही, चला परत. साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत (त्या दिवसांत आमच्याकडे कोणीच ओरडत नव्हतं). फक्त म्हणाले, महिनाअखेर ही माणसं किंचाळली पाहिजेत, नाहीतर तू दुसरीकडे चित्रं काढ. आत्या, माझी पाचावर धारण बसली. एकीकडे नोकरी, दुसरीकडे तू, आणि दोन्ही तोंडं बंद.

आमच्या बैठकीत सगळ्यांनी डोकं खाजवलं. एवढं काय बिघडलं एका तोंडाने, हे कोणालाच कळेना. आणि कळणार कसं? आम्ही सगळे मागच्या दाराने येतो, धुलाईघराच्या शेजारून. साहेबसुद्धा. मुख्य दारातून कोण कसं येतं, हे आमच्यातल्या एकानेही बघितलेलं नाही. आम्हाला ढोल्या माहीत आहे तो कागदावर. शेवटी मी एका सकाळी रजा टाकली आणि पुढच्या दाराने आलो. रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या, कडेवर मूल. ढोल्याजवळ आल्या, मुलाचा हात धरून सवयीने वर नेला, तो मिटलेल्या ओठांवर आपटला. मूल रडलं नाही. त्या बाईच गोंधळल्या. मुलाचा हात तसाच वर धरून उभ्या राहिल्या, कुठे ठेवावा ते सुचेना. मग हळूच खाली घेतला. मागच्याने तेच केलं. त्याच्या मागच्यानेही.

आणि मला आठवलं गं. ढोल्याच्या तोंडात हात घालूनच आत शिरायचं, ही इथली जुनी रीत, आणि माझे सगळे वाढदिवस त्याच तोंडात गेले. आई-बाबा गेल्यावर पहिल्या वाढदिवसाला तू मला इथेच आणलंस, आणि माझा हात आत अडकला. आतल्या कोपऱ्यात कोणाचं तरी गोळीचं चकचकीत वेष्टन होतं, ते मी मुठीत धरलं होतं. मी रडून गोंधळ घातला, मागे रांग तुंबली, आणि तू माझ्या पाठीवर धपाटा घालून म्हणालीस, 'मूठ सोड रे गाढवा!' मूठ सोडली, हात निघाला. मग आपण दोघं इतकं हसलो की तिकीटवाला बाहेर येऊन बघायला लागला. त्या वर्षी मी पहिल्यांदा हसलो होतो. बाकीच्यांना माहीत नव्हतं, मला होतं, आणि ते तोंड मीच मिटलं. तू 'राँग नंबर' का म्हणतेस ते मला त्या रांगेत कळलं. मला फार वाईट वाटलं, आत्या. लिहिलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. जुना लोगो परत आणा म्हणालो, तर कप, टॉवेल, टोप्या, सगळं नव्या तोंडाचं छापून गोदाम भरलेलं. मग आमच्या फिटरनेच मार्ग काढला. कागदावर तोंड मिटलेलं राहू दे, दारावरचा ढोल्या जांभई देईल. रोज दार उघडताना आ करायचा, शेवटचा पाहुणा गेला की मिटायचा. मोडीत निघालेल्या होडीच्या बिजागऱ्या लावल्या, ओठांना जाड रबर बसवलं, आत दांडी घातली. साहेबांनी बघितलं आणि 'हे माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं' असं म्हणाले. म्हणजे झालंच काम! जीव भांड्यात पडला.

तर आता राग सोड. मंडळातल्या सर्वांना माझे नमस्कार, डॉक्टरांना विशेष. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नकोस.

तुझा लाडका (होतो तसा),
राँग नंबर

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. मंडळाने कळवलंय की अध्यक्षीणबाईंनी स्वतः हात घातल्याशिवाय आमचा विश्वास बसणार नाही. साहेबांनीही तोच आग्रह धरलाय. तू हात घातलास तर मी कायम. या रविवारी सकाळी येशील का? मला माहीत आहे, मागणं जरा जास्त आहे.

ता.क. २. अक्षराबद्दल. डाव्या हाताने लिहितोय. उजवा ढोल्याच्या तोंडात आहे. आज शेवटची चाचणी घेताना आतला एक नट निसटला, तो मी झटकन हात घालून पकडला, आणि जबडा खाली आला. दुखत बिखत नाही, रबर मऊ आहे, पण मूठ ओठांतून बाहेर येत नाही. फिटर मोठा पाना शोधायला गेलाय, तो गेलाच आहे. इतका वेळ होता म्हणून तर एवढं लांबलचक पत्र झालं. साहेब तपासणीला यायची वेळ झालीय. रविवारचं राहू दे, आत्ताच ये! येताना डॉक्टरांना घेऊन ये.

ता.क. ३. धावत येऊ नकोस, गुडघे सांभाळ. पहारेकरी चहा पीत होता म्हणून हे लिहायला मिळालं. तुझा धपाटा आठवला आणि मूठ सोडली. हात निघाला. नट मात्र घरंगळत ढोल्याच्या पोटात गेला आणि जबडा खाडकन वर जाऊन बसला, तो आता काही केल्या मिटत नाही. फिटर म्हणतो, पोट फोडल्याशिवाय मिटणारही नाही. तेवढ्यात साहेब आले. मी त्यांना म्हटलं, मंडळाची हीच मागणी होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आत हात घालून बघितला. आत्या, साहेब हसले.

रविवारी जेवायला येऊ ना?